खुर्ची, गादी आणि 'जानशीन'

'चेअर' म्हणजे खुर्ची, हे इंग्रजीच्या पहिल्याच पुस्तकात शिकवतात. चित्र दाखवायला सोपे, मुलाला बोट ठेवून सांगायला सोपे. पण भाषांतर करायला बसलो की हाच शब्द जेवढा छळतो तेवढे मोठमोठे तात्त्विक शब्द छळत नाहीत. एका इंग्रजी वाक्यात चेअर सभेचे अध्यक्षपद असते, दुसऱ्यात विद्यापीठातले अध्यासन, तिसऱ्यात अमेरिकेतली मृत्युदंडाची विद्युत्खुर्ची. आणि कुठेही 'खुर्ची' असे लिहिले की मराठी वाचकाच्या मनात एकदम वेगळेच काही उभे राहते. खुर्चीचा मोह, खुर्चीसाठी फाटाफूट, खुर्ची उबवणे, संगीत खुर्ची. इंग्रजीत 'द चेअर' म्हटले की सभागृह गप्प होते. मराठीत 'खुर्ची' म्हटले की सभागृहात खसखस पिकते.

हा फरक कुठून आला, याचा विचार मी बिजौलीत राहायला आल्यावर जास्त करू लागलो. बिजौली झाशीच्या दक्षिणेला, बबीना-ललितपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आता औद्योगिक क्षेत्र म्हणून ओळखले जाते. मराठी माणसाला इथे राहताना एक गोष्ट विसरता येत नाही: काही मैलांवर ज्या गादीवरून एवढे रामायण घडले ती गादी मराठी होती. आणि ते भांडण, कागदोपत्री तरी, बसण्याच्या शब्दांवरून झाले होते. ते पुढे सांगतोच.

आधी चेअरची कुळकथा. ग्रीक भाषेत 'काथेद्रा' म्हणजे खाली टेकून बसण्याची जागा. 'काता' म्हणजे खाली, 'हेद्रा' म्हणजे आसन. लॅटिनने तो शब्द घेतला, फ्रेंचांनी झिजवला आणि तेराव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत 'चेअर' होऊन आला. न झिजता आलेला त्याचा सख्खा भाऊ म्हणजे 'कॅथेड्रल': ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन आहे ते. म्हणजे एवढी मोठी दगडी इमारत, उंच शिखर, रंगीत काचा, आणि नाव मात्र आतल्या एका खुर्चीवरून. पोप जेव्हा 'एक्स काथेद्रा', म्हणजे आसनावरून, बोलतात तेव्हा त्यांचे वचन अचूक मानायचे असे १८७० साली व्हॅटिकनच्या धर्मसभेने ठरवले. आसन सोडले की तोच माणूस चुकू शकतो. अधिकार माणसात नसून बैठकीत आहे, ही कल्पना इतक्या उघडपणे क्वचितच मांडली गेली असेल. निदान आपण विक्रमादित्याच्या सिंहासनाच्या, म्हणजे ज्या टेकाडावर बसला की गुराखीही न्याय देऊ लागतो त्या, गोष्टी ऐकत वाढलो. त्यामुळे आपल्याला ती परकी वाटू नये.

'चेअरमन' हा शब्द सतराव्या शतकातला. गंमत अशी की अठराव्या शतकात लंडनमध्ये या शब्दाने दोन माणसे ओळखली जात: सभेच्या खुर्चीत बसणारा एक आणि खुर्चीवजा डोली खांद्यावर वाहून नेणारा दुसरा. बसणारा आणि वाहणारा, दोघेही चेअरमन. निवडणुकीत जिंकलेल्या उमेदवाराला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवण्याचीही तिथे पद्धत होती. हॉगार्थ या चित्रकाराने १७५५ च्या सुमारास तिचे चित्र काढले आहे, त्यात विजयी महाशय खुर्चीसकट कोसळण्याच्या बेतात आहेत. आपल्याकडच्या गुलालाच्या मिरवणुका पाहिलेल्या माणसाला ते चित्र समजावून सांगावे लागत नाही.

आता आपली खुर्ची. ती अरबी 'कुर्सी'वरून फारसीमार्गे आली. अरबीत ती आरमाईकमधून आली, तिच्या मागे अक्कडी भाषेतला 'कुस्सू' आणि त्याच्याही मागे सुमेरी 'गुझा'. म्हणजे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात मातीच्या विटांवर खिळ्यांसारख्या अक्षरांत लिहिला गेलेला शब्द आज बिजौलीतल्या चहावाल्याच्या तोंडी आहे, अर्थ जवळजवळ तोच. कुराणात 'आयतुल कुर्सी' आहे. तिथे ईश्वराची कुर्सी आकाश आणि पृथ्वी व्यापून राहिलेली आहे. या वंशावळीत कुठेही खसखस नाही.

संस्कृतात बसण्याचा धातू 'सद्'. त्यातून परिषद, संसद, सभासद, उपनिषद निघाले. परिषद म्हणजे भोवती बसणे, उपनिषद म्हणजे जवळ, खाली बसणे. पक्ष्याच्या घरट्याला 'नीड' म्हणतात तोही याच धातूतून. आणि भाषाशास्त्र सांगते की ग्रीक 'हेद्रा', इंग्रजी 'सीट' आणि 'सिट', लॅटिनवरून आलेले 'सेशन' आणि 'प्रेसिडेंट' (पुढे बसणारा) ही सगळी याच मुळाची अपत्ये. तेव्हा 'चेअर' आणि 'संसद' हे दूरचे का होईना भाऊ आहेत. खुर्ची मात्र सेमिटिक वाटेने आलेली पाहुणी. रोजच्या वापरात पाहुणी घरची झाली आणि घरचा भाऊ परका राहिला.

आपण बसण्यावरून पद ओळखत नव्हतो असेही नाही. पीठ म्हणजे बसण्याची जागाच. विद्यापीठ, शक्तिपीठ, न्यायालयाचे खंडपीठ. व्यासपीठ म्हणजे व्यासांचे आसन, पुराण सांगणाऱ्याने बसायची जागा. त्यावर आता बारा खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि सत्काराच्या शाली असतात, ही गोष्ट वेगळी. पण 'अध्यक्ष' या शब्दात खुर्ची नाही, त्यात 'अक्ष' आहे, डोळा. अध्यक्ष म्हणजे वरून लक्ष ठेवणारा. इंग्रजांचा प्रमुख बसतो, आपला बघतो. प्रत्यक्षात दोघेही पेंगतात, असा माझा सभांचा अनुभव आहे.

भारतात पाय खाली सोडून बसण्याची रीत इंग्रजांनी आणली असे सरसकट म्हटले जाते, ते बरोबर नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा सुताराची झोपडी म्हणतात तिथे, स्तूपासमोरचा बुद्ध पाय सोडून उंच आसनावर बसला आहे. मूर्तिशास्त्रात त्याला प्रलंबपाद आसन म्हणतात. तेव्हा खुर्चीसारखी वस्तू होती. पण ती देवाची, राजाची. बाकीच्यांसाठी जमीन, चटई, पाट, चौरंग आणि गादी.

मराठीने सत्तेसाठी मनापासून स्वीकारलेला शब्द तो हाच: गादी. शिवाजी महाराजांचे सिंहासन होते, ६ जून १६७४ ला रायगडावर त्यांनी ते सोन्याचे करून घेतले. पण पुढच्या पिढ्यांत बोलताना आपण साताऱ्याची गादी म्हणतो, कोल्हापूरची गादी म्हणतो. शिंद्यांची, होळकरांची, गायकवाडांची गादी. मठाची गादी. व्यापाऱ्याची पेढी म्हणजेही गादी, जिथे शेठजी लोडाला टेकून हिशेब बघतात. (इंग्रजीत 'बँक' हा शब्द सराफाच्या बाकावरून आला आहे, तेव्हा पैशाच्या बाबतीत सगळे जग बैठकीवरच चालते.) गादी कापसाची असते, खाली जमिनीवर अंथरलेली असते, तिच्यावर एकाहून जास्त माणसे मावतात आणि मुख्य म्हणजे तिच्यावर मांडी घालता येते. दत्तक घ्यायचा तो मांडीवर. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मांडीवर मूल द्या, तो अवघडतो. हा विनोद वाटेल, पण गादी वारशाची आणि खुर्ची नेमणुकीची, हे जे मराठी मनात पक्के बसले आहे त्याचा या शारीरिक फरकाशी संबंध आहे असे मला वाटते. गादी 'चालवायची' असते. खुर्ची 'मिळते' आणि 'जाते'.

झाशीची गादी अशीच चालत आलेली. किल्ला १६१३ चा, ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने बांधलेला. छत्रसालाने बाजीरावाला दिलेल्या बुंदेलखंडातल्या मुलखामुळे इथे मराठे आले. नारो शंकरांनी १७४२ पासून पंधरा वर्षे सुभेदारी केली आणि शहर वसवले. नंतर नेवाळकर. पेशव्यांचे बुंदेलखंडातले हक्क १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि त्याच वर्षी कंपनीने रामचंद्ररावांशी तह करून झाशीचे राज्य त्यांच्याकडे वंशपरंपरेने मान्य केले. १८३२ मध्ये त्यांना राजा ही पदवीही मिळाली. त्या पदवीत 'इंग्लंडच्या बादशहाचा निष्ठावंत सेवक' अशा अर्थाचे लांबलचक फारसी शब्द होते. मान द्यायचा आणि त्याच कागदावर पायरी दाखवायची, ही कंपनीची हातोटी.

इंग्रज कागदपत्रांत एक बारकावा आहे. युरोपातल्या राजाला 'थ्रोन' असते, हिंदी संस्थानिकाला मात्र 'गद्दी' किंवा 'मसनद'. शब्द भाषांतरित करायचा नाही, तसाच इंग्रजी लिपीत ठेवायचा. वरवर हा स्थानिक भाषेचा आदर वाटतो. खरे म्हणजे 'थ्रोन' म्हटले की त्याच्यावर बसणाऱ्याला राजा म्हणावे लागते आणि राजा म्हटले की त्याचे राज्य खालसा करताना अडचण येते. कापसाची गादी गुंडाळता येते.

२१ नोव्हेंबर १८५३ ला गंगाधरराव गेले. आदल्या दिवशी त्यांनी नात्यातल्या पाच वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेऊन दामोदरराव नाव दिले, तेही कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांच्या समक्ष. विधी झाला, साक्षीदार होते, पत्र होते. तरीही कंपनी सरकार मान्यता देईना. राणी लक्ष्मीबाईंनी गव्हर्नर जनरलकडे खलिते पाठवले. १६ फेब्रुवारी १८५४ च्या खलित्यातला मुद्दा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण वाटतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. तलवार, घोडा, पाठीवर बांधलेले मूल हे सगळ्यांना ठाऊक असते. हा मुद्दा व्याकरणाचा आहे.

तहातल्या फारसी मजकुरात राज्य कुणाकडे चालेल हे सांगताना दोन शब्द वापरले होते: 'वारिसान' आणि 'जानशीनान'. वारस आणि जानशीन. राणीसाहेबांचे म्हणणे असे की दोन शब्द उगीच वापरलेले नाहीत. वारस म्हणजे रक्ताचे, पोटचे किंवा भाऊबंद. जानशीन म्हणजे असा वारस नसेल तेव्हा दत्तक घेतलेला उत्तराधिकारी. तह करणाऱ्यांना केवळ रक्ताचेच वारस अभिप्रेत असते तर दुसरा शब्द घालण्याचे कारण नव्हते. ओरछा, दतिया या शेजारच्या संस्थानांत दत्तक मान्य झालेच होते, हेही त्यांनी दाखवून दिले.

'जानशीन' या शब्दाची फोड करून पाहावी. 'जा' म्हणजे जागा, 'नशीन' म्हणजे बसणारा. जागेवर बसणारा. आणि हे 'नशीन' कुठून आले? फारसीत बसणे म्हणजे 'निशस्तन', आणि ते 'नि' अधिक तोच जुना धातू, आपला 'सद्'. संस्कृतात 'निषण्ण' म्हणजे बसलेला, तसेच. म्हणजे ग्रीक काथेद्रा, संस्कृत परिषद आणि झाशीच्या तहातला जानशीन एकाच मुळातून फुटले आहेत. डलहौसीपुढे तो धातूच न्याय मागत होता म्हणायचे.

डलहौसीने फेब्रुवारीअखेर निकाल दिला. झाशीचे मूळ पुरुष पेशव्यांचे सुभेदार, स्वतंत्र राजे नव्हेत; राज्य कंपनीच्या कृपेने मिळालेले; तेव्हा सरकारच्या संमतीवाचून घेतलेल्या दत्तकाला गादी नाही. खासगी मालमत्ता दत्तकाला, राज्य सरकारला. साताऱ्याबाबत १८४८ मध्ये हेच झाले होते, नागपूरचेही याच सुमारास झाले. मांडी दत्तकाची, गादी कंपनीची, अशी ती वाटणी होती.

इथे खुर्ची प्रत्यक्ष प्रवेश करते. राणीसाहेबांनी सल्ल्यासाठी आग्र्याहून जॉन लँग या वकिलाला बोलावले. लँग मूळचा सिडनीचा, लेखक आणि पत्रकारही, कंपनीविरुद्ध लाला ज्योतिप्रसाद या ठेकेदाराचा खटला जिंकलेला. १८५४ मधल्या या भेटीची हकिकत त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात लिहिली. आधी जोड्यांवरून वाटाघाट झाली. जोडे काढावेत अशी अपेक्षा त्याला कळवण्यात आली. त्याने अट घातली की मग मी हॅट घालूनच बसेन. तडजोड मान्य झाली. दालनात उत्तम गालिचा, आणि मधोमध युरोपी बनावटीची हातांची एक खुर्ची, तिच्याभोवती फुलांच्या माळा पसरलेल्या. टोकाला पडदा. पडद्याआड राणीसाहेब. मध्येच छोट्या दामोदररावाने पडदा बाजूला केला आणि लँगला क्षणभर त्या दिसल्या.

मला ती खुर्ची फार दिवस डोळ्यांसमोरून हलली नाही. विष्णुभट गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये झाशीच्या दरबाराचे जे वर्णन केले आहे त्यात गादी आहे, लोड आहे, पडदा आहे. वरसईहून आलेल्या या भिक्षुकाला ती व्यवस्था घरच्यासारखी वाटली असणार. लँगसाठी मात्र खास खुर्ची मांडावी लागली. साहेबाला मांडी घालता येत नाही हे एक कारण. पण फुलांच्या माळा का? माळा देवाला किंवा आदरणीय पाहुण्याला. म्हणजे ज्या गादीचा हक्क जात होता तिच्या मालकिणीने, तो हक्क ज्यांनी काढून घेतला त्यांच्याच जातकुळीतल्या माणसासाठी, त्याच्याच देशातल्या घाटाची खुर्ची सजवून ठेवली होती. लँगने सल्ला दिला तो पेन्शन निषेध नोंदवून घ्यावी आणि विलायतेला अर्ज करावा असा. झाशी न देण्याबद्दलचे जे वाक्य आज चौकाचौकातल्या पुतळ्यांखाली कोरलेले दिसते ते या बैठकीतले उत्तर म्हणून त्यानेच नोंदवून ठेवले आहे. ते पडद्याआडून बोलले गेले, घोड्यावरून नव्हे.

पडदानशीन बाई, जानशीन मुलाच्या वतीने, गादीनशीन होण्याच्या हक्कासाठी बोलते आहे. आणखी एक 'नशीन' पुढे यायचा होता: कुर्सीनशीन. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानात जिल्ह्याच्या साहेबाला भेटायला गेलेल्या देशी माणसाने उभे राहायचे, हा दंडक होता. ज्याला बसायला खुर्ची द्यायची त्याची यादी असे, आणि अशा मानकऱ्याला 'कुर्सीनशीन' असल्याचे प्रमाणपत्र मिळे. छापील, सहीशिक्क्याचे. लोक ते चौकटीत बसवून भिंतीला लावत. ज्या माणसाच्या आजोबांना गादी होती त्याने नातवापुढे मिरवायचे काय, तर कलेक्टरच्या कचेरीत लाकडी खुर्चीवर बसण्याची परवानगी! खुर्ची हा शब्द आपल्या तोंडी लाचारीची आणि हव्यासाची चव घेऊन का आला, याचे उत्तर मी या कागदात शोधतो. इंग्रजाने स्वतःसाठी 'चेअर' ठेवली, आपल्याला दिली ती कुर्सीनशिनी.

अर्थात सगळा दोष साहेबाच्या माथी मारून चालणार नाही. कोण कुठे बसेल हे इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून आपण ठरवून ठेवले होते. पंक्तीतले पाट, देवळातल्या पायऱ्या, चावडीवरच्या जागा. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून गोणपाट न्यावे लागे, त्यावर वेगळे बसावे लागे आणि शाळेचा शिपाईही त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज परत घरी न्यावे लागे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तिथे ना खुर्ची होती ना गादी. एका गोणपाटात सगळी समाजरचना गुंडाळलेली होती. बुंदेलखंडात वरच्या जातीचा माणूस रस्त्याने जाताना दिसला की दलिताने खाटेवरून उठायचे, ही रीत सांगणारी माणसे अजून भेटतात. काही ठिकाणी ती रीत भूतकाळात सांगितली जाते, काही ठिकाणी नाही.

बिजौलीत कुणाच्या दारी गेलो की आतून प्लास्टिकची खुर्ची येते. 'कुर्सी लाओ, भैया आए हैं.' म्हातारे दद्दा चबुतऱ्यावर किंवा खाटेवर, आणि मी, त्यांच्या नातवाच्या वयाचा, खुर्चीत उंचावर. नको म्हटले तर त्यांना वाईट वाटते. एकदा हट्टाने चबुतऱ्यावर त्यांच्याशेजारी बसलो, तर खुर्ची बराच वेळ रिकामीच समोर राहिली. कुणी तिच्यावर बसेना आणि कुणी ती आतही नेईना. मानाची वस्तू माणसांना कशी दूर करते हे मी तिथे पाहिले, आणि तिच्याभोवती माळा नव्हत्या एवढाच फरक.

स्वातंत्र्यानंतर खुर्चीचा लाक्षणिक अर्थ पक्का झाला. हिंदीत अमृत नाहटांच्या 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती आणीबाणीत नष्ट केल्या गेल्या. एखाद्या नावाने सत्तेला इतके बोचावे, हे नाव चांगले असल्याचीच खूण. मराठीत अरुण साधूंनी मुख्यमंत्र्याच्या पदाभोवती फिरणारी कादंबरी लिहिली तिचे नाव मात्र 'सिंहासन', १९७९ चा जब्बार पटेलांचा चित्रपटही त्याच नावाचा. खुर्ची म्हटले असते तर प्रहसन वाटले असते, असा माझा तर्क आहे. आपल्याला अजूनही गंभीरपणे सत्तेबद्दल बोलायचे झाले की जुन्याच आसनाकडे जावे लागते.

झाशीच्या गादीचे पुढे काय झाले ते थोडक्यात. मे १८५४ नंतर राणीसाहेब किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहिल्या. १८५७ आले आणि गेले. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर हाती येताच तिथे पेशव्यांच्या नावाने दरबार भरला, मानपान झाले. शत्रू जवळ येत असताना हे सोहळे राणीसाहेबांना पसंत नव्हते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. काही दिवसांतच त्या धारातीर्थी पडल्या. त्यानंतर चार वर्षांच्या आत, १८६२ पर्यंत, कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. औरस मुलगा नसेल तर दत्तकाला गादी मिळेल, अशी हमी. जानशीनचा अर्थ राणीसाहेबांनी सांगितला तोच शेवटी सरकारने मानला, फक्त झाशी सोडून इतरांसाठी. झाशी शहर शिंद्यांना दिले गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतले गेले. दामोदरराव इंदुरात तुटपुंज्या पेन्शनीवर राहिले आणि १९०६ मध्ये वारले. घराण्याने आडनाव लावले ते 'झांशीवाले'.

इंग्रजीत गेल्या काही दशकांत 'चेअरमन'मधला पुरुष काढून टाकला गेला. आता सभेत नुसती 'चेअर' असते, बाई असो की पुरुष. आमच्या या भागात उलटे झाले. पंचायतींत १९९३ पासून एक तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या, बाया प्रधान झाल्या, आणि लोकांनी नवा शब्द काढला: 'प्रधानपती'. कागदावर खुर्ची तिची, सहीही तिची, बैठकीत बसतो तो. अलीकडे मात्र एखाद्या गावात प्रधान बाई स्वतः येऊन खुर्ची ओढून बसते, डोक्यावरचा पदर थोडा मागे सरकवते आणि कागद मागते. तो दिवस असेल तेव्हा नवरा बाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो.